गॅस टर्बाइनच्या इंधन नियंत्रण व्हॉल्व्हची प्रतिबंधात्मक देखभाल : दरवर्षी कॅलिब्रेशन आणि सर्व्हो बदलणे खरोखर आवश्यक आहे का?

रायगड_पॉवरहाउस :

नमस्कार. रायगड जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्याच्या कॅप्टिव्ह वीजनिर्मिती विभागात मी देखभालीचे काम पाहतो. आमच्याकडे फ्रेम ६बी जातीचे एक गॅस टर्बाइन आहे. ते फक्त नैसर्गिक वायूवर चालते, त्याची ज्वलनप्रणाली जुन्या साध्या पद्धतीची आहे आणि नियंत्रणासाठी मार्क-६ ही तीन प्रोसेसरची संगणकीय प्रणाली आहे. टर्बाइनच्या निकास वायूवर चालणाऱ्या बॉयलरची वाफ थेट कारखान्याला जाते. त्यामुळे टर्बाइन ट्रिप झाले (सुरक्षेसाठी एकदम बंद पडले) की वीज बाहेरून घेता येते, पण वाफ कोठूनही घेता येत नाही, आणि उत्पादन पुन्हा सुरळीत व्हायला पुढचा पूर्ण दिवस जातो. म्हणूनच इंधन व्हॉल्व्हच्या देखभालीबद्दल सविस्तर विचारत आहे.

आमच्या मशीनवर स्पीड रेशो व्हॉल्व्ह (वायूचा दाब राखणारा) आणि गॅस कंट्रोल व्हॉल्व्ह (वायूचे प्रमाण ठरवणारा) एकाच बॉडीत आहेत. दोन्ही हायड्रॉलिक सिलिंडरने चालतात, प्रत्येकावर तीन कॉइलचा सर्व्हो व्हॉल्व्ह (विद्युत संकेताप्रमाणे सिलिंडरला तेल सोडणारा) आणि दोन एलव्हीडीटी (व्हॉल्व्ह किती सरकला ते मोजणारी उपकरणे) आहेत, आणि हायड्रॉलिकचे तेल बेअरिंगच्याच ल्यूब ऑइलच्या टाकीतून येते. सध्या आम्हाला दोन अडचणी जाणवत आहेत. पहिली अशी, की मशीन काही दिवस बंद राहिल्यानंतर पुन्हा सुरू करताना गॅस कंट्रोल व्हॉल्व्ह सुरुवातीला आळसावल्यासारखा चालतो. आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिती यांत फरक पडल्याचा अलार्म येतो आणि क्वचित सुरुवातच रद्द होते, पण तासाभराने पुन्हा प्रयत्न केला की सर्व सुरळीत होते. दुसरी अशी, की अर्धवट भारावर चालताना निर्मिती अधूनमधून सुमारे एक मेगावॉटने वर-खाली होते. पूर्ण भारावर असे होत नाही.

आजवरच्या प्रथेप्रमाणे आम्ही दरवर्षीच्या शटडाउनमध्ये दोन्ही व्हॉल्व्हचे कॅलिब्रेशन करतो. या वर्षीपासून दोन्ही सर्व्हो दरवर्षी नवीन बसवावेत आणि व्हॉल्व्हची बॉडीही उघडून पाहावी, असा प्रस्ताव आहे. पैसा हा एक भाग झाला, पण चांगली चालणारी वस्तू उघडल्यामुळे नवे दोष शिरतात की काय, ही माझी मुख्य शंका आहे. दर आठवड्याला, दर महिन्याला आणि शटडाउनमध्ये नेमके काय तपासावे, आणि कोणत्या खुणांवरून सर्व्हो बदलायचे ठरवावे, याबद्दल ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुना_कंट्रोलवाला :

आपण दोन्ही लक्षणे वेगवेगळी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. दोन्हींची कारणे वेगळी असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

आधी कॅलिब्रेशनबद्दल, कारण माझ्या मते सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. मार्क-६ मधील स्वयंचलित कॅलिब्रेशन सर्व्होला काहीही करत नाही. ते व्हॉल्व्हला पूर्ण बंद टोकाला नेऊन तेथील एलव्हीडीटीचे व्होल्टेज नोंदवते, मग पूर्ण उघड्या टोकाला नेऊन तेथील व्होल्टेज नोंदवते, आणि या दोन आकड्यांच्या आधारे शून्य व शंभर टक्के ठरवते. म्हणजे ते केवळ स्थिती मोजणाऱ्या उपकरणाचे कॅलिब्रेशन आहे. सर्व्हो अडकत असेल तर तो नंतरही तितकाच अडकतो. याहून गंभीर गोष्ट अशी, की सीटवर कचरा बसल्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल आणि त्याच अवस्थेत कॅलिब्रेशन उरकले गेले, तर पडद्यावर शून्य दिसते आणि वायू मात्र झिरपत राहतो. खरा दोष त्या शून्यामागे लपून जातो.

म्हणून दर शटडाउनमध्ये करायचे काम म्हणजे पडताळणी. व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ डायल इंडिकेटर लावावा, ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के अशा आज्ञा चढत्या व उतरत्या क्रमाने द्याव्यात, आणि प्रत्येक ठिकाणी आज्ञा, पडद्यावरील स्थिती व डायलवरील प्रत्यक्ष सरक या तीनही गोष्टी लिहून ठेवाव्यात. त्याच वेळी एलव्हीडीटीचे व्होल्टेज मोजावे. बंद स्थितीत ते साधारण ०.७ व्होल्ट आरएमएस असते आणि पूर्ण उघड्या स्थितीत ३.५ व्होल्टच्या वर जाऊ नये. मागील वर्षीच्या नोंदीशी हे आकडे जुळत असतील तर कॅलिब्रेशनला हातही लावू नये. जुळत नसतील तर आधी कारण शोधावे : एलव्हीडीटीचा गाभा सैल झाला आहे का, लॉक नट ढिला आहे का, जंक्शन बॉक्समध्ये ओल गेली आहे का. आपण कोकणात आहात. जूनपासून सप्टेंबरपर्यंतची दमट आणि किनाऱ्याजवळची खारी हवा टर्मिनलवर हिरवट गंज आणते आणि त्याने एलव्हीडीटीचे संकेत बिघडतात. जंक्शन बॉक्सची झाकणे, गॅस्केट आणि केबल ग्लँड पावसाळ्यापूर्वी तपासणे हे मी वार्षिक कॅलिब्रेशनपेक्षा कितीतरी मोलाचे काम समजतो.

दोन्ही व्हॉल्व्हमधील एक फरक ध्यानात ठेवावा. स्पीड रेशो व्हॉल्व्हचे काम दोन व्हॉल्व्हच्या मधला दाब, ज्याला आपण पी-२ म्हणतो, टर्बाइनच्या वेगाच्या प्रमाणात राखण्याचे आहे. त्याची स्थिती हे नियंत्रणाचे फक्त आतले वर्तुळ (लूप), बाहेरचे वर्तुळ दाबाचे आहे. म्हणून त्याच्या एलव्हीडीटीत थोडी चूक असली तरी दाबाचे वर्तुळ ती भरून काढते, पण पी-२ मोजणारे ट्रान्समीटर चुकले तर भरून काढणारे कोणीच नसते. गॅस कंट्रोल व्हॉल्व्हमधून वायू ध्वनिवेगाच्या मर्यादेने वाहतो, म्हणजे पुढच्या बाजूचा दाब किती आहे याचा परिणाम होत नाही. प्रवाह फक्त पी-२ आणि व्हॉल्व्हचे उघडेपण यांवर ठरतो. निरपेक्ष पी-२ दोन टक्क्यांनी जास्त असेल तर तेवढ्याच उघडेपणाला वायूही दोन टक्क्यांनी जास्त जातो. भारावर असताना नियंत्रक हे सांभाळून घेतो. मशीन पेटवताना मात्र इंधनाची आज्ञा ठरावीक असते, आणि तिथे पी-२ मधील किंवा शून्य स्थितीतील चूक थेट ज्वालेवर दिसते : एक तर ज्योत लागत नाही, नाही तर सुरुवातीचे तापमान नको तितके वाढते. म्हणून पी-२ च्या ट्रान्समीटरचे कॅलिब्रेशन मात्र दरवर्षी अवश्य करावे.

आता एक मेगावॉटच्या दोलनाबद्दल. व्हॉल्व्हवर संशय घेण्यापूर्वी ग्रिडची वारंवारता पाहावी. आपले मशीन ग्रिडला समांतर असेल आणि चार टक्के ड्रूपवर (म्हणजे वेगातील चार टक्के बदलाला पूर्ण भाराइतका बदल, अशा नियंत्रणावर) असेल, तर ०.०५ हर्ट्‌झचा बदल म्हणजे वेगात ०.१ टक्का बदल, आणि त्यावर चार टक्के ड्रूपच्या हिशेबाने भारात अडीच टक्के बदल होतो. साधारण ४० मेगावॉटच्या मशीनवर हा बदल बरोबर एक मेगावॉट भरतो. आपल्या ग्रिडची विहित मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ आहे, म्हणजे मर्यादेत राहूनही एवढे हेलकावे रोज येऊ शकतात. पूर्ण भारावर मशीन तापमान नियंत्रणावर जाते आणि ड्रूपचा हा परिणाम नाहीसा होतो, हेही आपल्या निरीक्षणाशी जुळते. वारंवारता, मेगावॉट, इंधनाची आज्ञा, व्हॉल्व्हची स्थिती आणि पी-२ या पाच गोष्टी एकाच आलेखावर काढाव्यात. आज्ञा हलते आणि स्थिती तिच्यामागे मुकाट्याने जाते असे दिसले तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे. आज्ञा स्थिर असताना स्थिती हलत असेल तर सर्व्हो किंवा एलव्हीडीटी पाहावा. दोन्ही स्थिर असून पी-२ हलत असेल तर स्पीड रेशो व्हॉल्व्हकडे किंवा पुरवठ्याच्या दाबाकडे वळावे.

रोजच्या देखभालीत मला सर्वांत उपयोगी वाटणारी खूण म्हणजे स्थिर अवस्थेतील सर्व्होचा प्रवाह. हे थोडे समजावून सांगतो. सर्व्होमध्ये एक स्प्रिंग असते आणि ती वीज गेली की व्हॉल्व्ह बंद व्हावा अशा दिशेने स्पूल (सर्व्होतील सरकता दट्ट्या) ढकलते. व्हॉल्व्ह जागच्या जागी धरून ठेवायचा असेल तर त्या स्प्रिंगला तोलण्यापुरता प्रवाह सतत द्यावा लागतो. तीनही कॉइलचा मिळून तो सुमारे ०.८ मिलिअँपिअर असतो, म्हणजे प्रत्येक कॉइलला सुमारे ०.२६७. नियंत्रकात हा आकडा नल बायस म्हणून आधीच भरलेला असतो. सर्व्हो निरोगी असेल तर प्रत्यक्ष प्रवाह याच्या आसपास राहतो आणि आज्ञा व स्थिती एकमेकांवर बसतात. स्पूलच्या कडा झिजल्या, आत चिकटपणा आला, किंवा एखाद्या कॉइलची तार सुटली, की तीच स्थिती राखायला लागणारा प्रवाह बदलतो. स्थितीचे हे वर्तुळ केवळ गुणक नियंत्रणावर (म्हणजे फरकाच्या प्रमाणातच प्रवाह देत) चालत असल्यामुळे तो जादा प्रवाह मिळवण्यासाठी आज्ञा आणि स्थिती यांत कायमचा थोडा फरक राहू लागतो. कोणत्याही अलार्मच्या कितीतरी आधी हा फरक दिसतो. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच भाराला, तीनही प्रोसेसरचे सर्व्हो प्रवाह, दोन्ही एलव्हीडीटीची वाचने आणि त्यांच्यातील फरक लॉगशीटमध्ये लिहावा. नियंत्रक दोन एलव्हीडीटींपैकी मोठे वाचन निवडतो. त्यामुळे एक वरच्या दिशेने सरकला तर नियंत्रकाला व्हॉल्व्ह अधिक उघडा भासतो आणि इंधन कमी होते, पण खालच्या दिशेने सरकला तर काहीच कळत नाही आणि आपला आधार एकावरच राहतो. दोघांच्या वाचनांतील फरक लिहिण्याचे कारण हेच आहे.

सर्व्हो दरवर्षी बदलण्याच्या मी विरोधात आहे. प्रवाह सरकत चालला असेल, स्ट्रोकिंगमध्ये (वर सांगितलेल्या डायलच्या पडताळणीत) चढत्या-उतरत्या वाचनांत फरक वाढला असेल, किंवा तेल दीर्घकाळ खराब राहिले असेल, तर बदलावा. अन्यथा ज्वलनकक्षाच्या एखाद्या तपासणीला अधिकृत दुरुस्ती केंद्रातून तपासून आणलेला सुटा सर्व्हो हाताशी असावा, एवढे पुरे. नवीन सर्व्हो बसवल्यावर मात्र एक तपासणी कधीही टाळू नये. प्रत्येक कॉइलचा रोध मोजावा, तो सुमारे १००० ओहम असतो, आणि त्यानंतर एका वेळी एकाच प्रोसेसरचा प्रवाह जोडून व्हॉल्व्ह योग्य दिशेने हलतो का हे तीनही कॉइलसाठी स्वतंत्रपणे पाहावे. एका कॉइलची जोडणी उलटी झाली असली तरी बाकीच्या दोन तिच्यावर मात करतात आणि व्हॉल्व्ह वरकरणी ठीक चालतो. पुढे कधी एक चांगला प्रोसेसर बंद पडला की उरलेला एक आणि हा उलटा एकमेकांना छेद देतात आणि मशीन ट्रिप होते. तिहेरी नियंत्रणासाठी मोजलेला सारा पैसा तिथे वाया जातो.

आपली पहिली अडचण, म्हणजे बंद राहिल्यानंतरचा आळस, ही मात्र मला तेलाची वाटते. त्यावर तेलाचे जाणकार अधिक नेमके लिहू शकतील.

तेलपरीक्षण_ठाणे :

वरील प्रतिसादातील शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. दोन-चार दिवस थांबल्यावर व्हॉल्व्ह अडकतो आणि गरम झाल्यावर सुटतो, हे व्हार्निशचे, म्हणजे तेलातून धातूवर बसणाऱ्या चिकट थराचे, जवळजवळ ठरलेले लक्षण आहे. ल्यूब ऑइलचे ऑक्सिडेशन, फिल्टरमध्ये स्थिर विजेच्या ठिणग्या पडणे, आणि तेलातील हवेचे बुडबुडे पंपात अचानक दाबले जाऊन स्थानिक जळणे, या तीन वाटांनी तेलात चिकट पदार्थ तयार होतात. तेल गरम असते तोवर ते विरघळलेले राहतात. मशीन थांबले, तेल थंड झाले, की ते धातूच्या पृष्ठभागावर बसतात. सर्व्होच्या स्पूलभोवतीची मोकळी जागा काही मायक्रॉन इतकीच असते आणि तिथे तेलाचा प्रवाहही नगण्य असतो. त्यामुळे पहिला थर तिथेच धरतो. बेअरिंगला या थराचा लगेच त्रास होत नाही, म्हणून तेल चांगले आहे असा समज टिकून राहतो.

इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. अनेक कारखान्यांतून आमच्याकडे येणाऱ्या मागणीपत्रात व्हिस्कॉसिटी, आम्लता, पाणी आणि कणांची मोजणी एवढेच लिहिलेले असते. व्हार्निश देणारे पदार्थ या चाचण्यांत सापडत नाहीत, कारण नमुना गरम असताना ते तेलात विरघळलेले असतात आणि थंड झाल्यावर जे कण होतात ते नेहमीच्या कणमोजणीच्या खालच्या आकाराचे असतात. यासाठी मेंब्रेन पॅच कलरिमेट्री ही चाचणी मागावी, तिचे मानक एएसटीएम डी७८४३ आहे. या पद्धतीत नमुना एक दिवस ६० ते ६५ अंश सेल्सिअसला तापवतात, मग सुमारे तीन दिवस अंधारात सामान्य तापमानाला ठेवतात, आणि ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून पडद्यावरील डागाचा रंग मोजतात. तीन दिवसांची ही वाट पाहणे अत्यावश्यक आहे. ती टाळून दिलेला अहवाल खोटे समाधान देतो. रंगाचा आकडा १५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेला तर उपाय सुरू करावेत आणि ४० च्या वर असेल तर व्हॉल्व्ह अडकण्याची वाट पाहू नये, असा संकेत या क्षेत्रात सर्वसाधारणपणे पाळला जातो.

सोबत आरपीव्हीओटी ही ऑक्सिडेशनची चाचणी वर्षातून एकदा करावी. तिचा आकडा नव्या तेलाच्या २५ टक्क्यांखाली गेला की तेलाचे आयुष्य संपले असे मानतात. ऑक्सिडेशन रोखणाऱ्या पूरकांचे उरलेले प्रमाण सांगणारी डी६९७१ ही चाचणी त्याआधीच इशारा देते आणि ती स्वस्तही आहे. कणांच्या स्वच्छतेसाठी आयएसओ ४४०६ पद्धतीने १७/१४/११ हे लक्ष्य ठेवावे असे मी सुचवतो. हे तीन आकडे अनुक्रमे ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचे आहेत, आणि आकडा एकाने वाढला की कणांची संख्या दुप्पट होते. १७ म्हणजे दर मिलिलिटरला ६४० ते १३०० कण. म्हणून १७ वरून २० वर जाणे ही वाढ लहान दिसत असली तरी घाण आठपट झालेली असते. नमुना टाकीच्या तळातून काढू नये. वाहत्या नळीवरील ठरलेल्या जागेतून, फिल्टरच्या आधी, मशीन चालू असताना आणि बरेचसे तेल वाहू देऊन मगच घ्यावा.

उपायांबद्दल थोडक्यात. नवे तेल वरून ओतल्याने व्हार्निश जात नाही. पूर्ण तेल बदलले तरी नळ्यांमध्ये आणि टाकीच्या भिंतींवर बसलेला थर नव्या तेलात उतरतो आणि काही महिन्यांत आकडा पुन्हा चढतो. मुख्य प्रवाहाला समांतर, कायमस्वरूपी चालणारे रेझिनचे किंवा इलेक्ट्रोस्टॅटिक पद्धतीचे शुद्धीकरण युनिट बसवणे हा टिकाऊ मार्ग आहे. त्यातून टाकी स्वच्छ होतेच, शिवाय स्वच्छ झालेले तेल जुना थर हळूहळू पुन्हा विरघळवून घेते. फिल्टर बदलताना स्थिर वीज साचू न देणारे घटक मागवावेत.

तोवरचा तात्पुरता उपाय असा : मशीन बंद असतानाही टाकीचा हीटर आणि ल्यूब पंप चालू ठेवून तेल फिरते ठेवावे, आणि सुरू करण्यापूर्वी सहायक हायड्रॉलिक पंप लावून, वायू पूर्णपणे तोडून, दोन्ही व्हॉल्व्ह काही वेळा पूर्ण सरकवून घ्यावेत.

रायगड_पॉवरहाउस :

दोघांचेही मनापासून आभार. जुने आलेख काढून पाहिले. मेगावॉटचे हेलकावे बहुतांश वेळा वारंवारतेच्या हेलकाव्यांशी तंतोतंत जुळतात आणि व्हॉल्व्हची स्थिती आज्ञेच्या मागे व्यवस्थित जाते. त्या बाजूने आता चिंता उरली नाही. उलट, थंड अवस्थेतून सुरू करतानाच्या नोंदींत गॅस कंट्रोल व्हॉल्व्हचा सर्व्हो प्रवाह नेहमीपेक्षा ठळकपणे जास्त दिसतो आणि तेल तापत जाते तसा तो खाली येतो. पॅच चाचणीसाठी नमुना या आठवड्यात पाठवत आहे.

उरलेला प्रश्न व्हॉल्व्हच्या वायूकडील बाजूचा आहे. बॉडी उघडावी का, आणि न उघडता सीटची गळती कशी तपासावी?

आखातातून :

मी ओमानमध्ये फ्रेम ६बी आणि ९ई मशीनवर यांत्रिक देखभालीत आहे. आमच्याकडे समुद्र आणि वाळवंट दोन्ही असल्यामुळे बाहेरच्या बाजूला धूळ आणि खार, आणि आत कोरड्या वायूबरोबर येणारी काळी भुकटी, अशा दोन्ही गोष्टी सोसाव्या लागतात.

बॉडी कॅलेंडर पाहून उघडू नये, गळती पाहून उघडावी. त्यासाठी दोन सोप्या तपासण्या पुरतात आणि त्या प्रत्येक नियोजित थांब्याच्या वेळी करता येतात. मशीन पूर्ण थांबल्यावर, स्पीड रेशो व्हॉल्व्हच्या मागे वायूचा दाब असताना आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, मधल्या पोकळीचा व्हेंट बंद करावा आणि पी-२ किती वेगाने चढतो ते पाहावे. चढला तर स्पीड रेशो व्हॉल्व्ह गळतो आहे. दुसऱ्या तपासणीत मधल्या पोकळीत दाब भरून, पुरवठा तोडून, तो किती वेगाने उतरतो ते पाहावे. उतरला तर गॅस कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा व्हेंट व्हॉल्व्ह गळतो आहे. व्हेंटच्या नळीच्या बाहेरच्या टोकाशी वायुशोधक धरला की या दोघांतला दोषी कोण ते कळते. काही नव्या मशीनच्या नियंत्रकात ही तपासणी आपोआप होते. आपल्या मशीनवर ती हाताने करावी लागेल आणि तिची पद्धत आपल्या नियंत्रण अभियंत्याबरोबर लिहून, मंजूर करून मगच वापरावी, कारण गॅस कंट्रोल व्हॉल्व्हमधून झिरपलेला वायू ज्वलनकक्षात आणि पुढे बॉयलरच्या मार्गात साचतो. तपासणीनंतर पुन्हा पेटवण्यापूर्वीचे पूर्ण पर्जिंग (हवा फिरवून साचलेला वायू बाहेर काढणे) कधीही कमी करू नये. आपल्याकडे निकासावर बॉयलर असल्याने तिथले आकारमान मोठे आहे, त्यामुळे ही काळजी आपल्याला दुप्पट लागू होते. दर वेळी तोच कालावधी धरून दाबाचे आकडे लिहावेत. एका वाचनापेक्षा चार-पाच वाचनांची दिशा अधिक बोलकी असते.

गळती वाढत असेल तर कारण बहुधा वायूसोबत येते. निर्मात्याच्या इंधन-वायूच्या विनिर्देशात वायूचे तापमान त्याच्या दवबिंदूपेक्षा किमान २८ अंश सेल्सिअस अधिक असावे अशी अट आहे. व्हॉल्व्हमध्ये दाब एकदम उतरतो, त्यासोबत वायू थंड होतो, आणि जड हायड्रोकार्बनचे थेंब नेमके सीटच्या आसपास पडतात. वायूत गंधकाचा अंश असेल तर त्याच ठिकाणी पिवळट घन गंधकही बसू शकतो. म्हणून गॅस स्किडवरील कोअलेसिंग फिल्टरचा (वायूतील बारीक थेंब एकत्र करून वेगळे काढणाऱ्या फिल्टरचा) दाबफरक, त्याच्या खालच्या निचऱ्यातून निघालेल्या द्रवाचे प्रमाण आणि वायूचे तापमान ही तीन वाचने प्रत्येक शिफ्टला घ्यावीत. निचऱ्यातून एरवी काहीच येत नसताना अचानक द्रव येऊ लागला, तर त्याच दिवशी पुरवठादाराशी बोलावे.

बॉडी उघडावीच लागली तर पुढील गोष्टी विसरू नयेत. वायूकडून दुहेरी बंद व मध्ये व्हेंट अशी तोड करावी, नायट्रोजनने धुऊन घ्यावे आणि वायुशोधकाने खात्री केल्यावरच बोल्ट सैल करावेत. हायड्रॉलिकचा पंप बंद केला तरी तेल दाबाखाली साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाब राहतो, तो उतरवून गेजवर शून्य पाहावे. व्हॉल्व्ह बंद करणारी स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, त्यामुळे निर्मात्याने सांगितलेल्या लांब बोल्टशिवाय झाकण काढू नये. आत काळी भुकटी दिसली तर तिच्यात लोहाचे सल्फाइड असू शकते. ते कोरडे असताना हवेच्या संपर्कात स्वतःहून पेट घेऊ शकते, म्हणून ओले ठेवून गोळा करावे. सीट आणि प्लगवर ओरखडे असतील तर साइटवर हाताने घासत बसण्यापेक्षा संपूर्ण असेंब्ली केंद्रात पाठवून गळतीच्या प्रमाणपत्रासह परत आणणे श्रेयस्कर आहे, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक तपासणी सुचवतो, जी बहुतेक ठिकाणी राहून जाते. स्पीड रेशो व्हॉल्व्ह हा नियंत्रणाबरोबरच सुरक्षेचाही व्हॉल्व्ह आहे. ट्रिप ऑइलचा (मशीन चालू असताना सुरक्षेसाठी दाबाखाली ठेवलेल्या तेलाचा) दाब गेला की डंप रिले सिलिंडरमधील तेल निचऱ्याला सोडते आणि स्प्रिंग त्याला सेकंदाच्या अंशात बंद करते. शटडाउनमध्ये वायू तोडलेला असताना व्हॉल्व्ह मध्यावर उघडून ट्रिप द्यावा आणि वेगवान नोंदीवर बंद होण्याचा काळ मोजावा. सर्व्होत जे व्हार्निश बसते तेच या डंप रिलेतही बसते. सर्व्हो अडकला तर बहुधा सुरुवात रद्द होते किंवा मशीन ट्रिप होते, पण डंप रिले अडकली तर संकटाच्या वेळी इंधन वेळेत तुटत नाही. माझ्या दृष्टीने वर्षभरातील सर्व तपासण्यांत ही पहिल्या क्रमांकाची आहे.

रायगड_पॉवरहाउस :

डंप रिलेची वेळ मोजण्याची नोंद आमच्या तपासणी यादीत खरोखर नव्हती, ती आजच घातली. व्यवस्थापनापुढे आता असा प्रस्ताव ठेवत आहे : सर्व्होची वार्षिक खरेदी रद्द करून त्या पैशातून रेझिनचे शुद्धीकरण युनिट घ्यावे, बॉडी गळतीच्या नोंदीवरूनच उघडावी, आणि कॅलिब्रेशनऐवजी पडताळणीचा तक्ता भरावा. शेवटची शंका अशी, की तेलाचा पॅच अहवाल वाईट आला तर पुढच्या शटडाउनपर्यंत मशीन चालू असताना हायड्रॉलिकच्या बाजूने काय करता येईल? चालू मशीनवर सर्व्हो बदलता येतो का?

जुना_कंट्रोलवाला :

चालू मशीनवर गॅस कंट्रोल किंवा स्पीड रेशो व्हॉल्व्हचा सर्व्हो बदलता येत नाही, तसा प्रयत्नही कोणाला करू देऊ नये. बदलता येतात ते हायड्रॉलिकचे फिल्टर, कारण ते दुहेरी असतात. दाबफरकाचा अलार्म येण्याची वाट न पाहता अहवाल वाईट येताच राखीव फिल्टरमध्ये नवा घटक बसवावा. फिल्टर बदलताना होणारे बरेचसे ट्रिप एकाच कारणाने होतात : राखीव बाजू तेलाने भरून, हवा पूर्ण काढून न घेता हँडल फिरवले जाते, हायड्रॉलिकचा दाब क्षणभर पडतो आणि व्हॉल्व्ह बंद होतात. म्हणून आधी भरण्याचा छोटा व्हॉल्व्ह उघडून राखीव भांडे सावकाश भरावे, वरच्या व्हेंटमधून बुडबुड्यांशिवाय तेल येईपर्यंत थांबावे, दोन्ही बाजूंचा दाब समान झाल्याची खात्री करावी, आणि मगच हँडल हळूहळू फिरवावे. त्या वेळी एक जण नियंत्रण कक्षात हायड्रॉलिक दाबाच्या आलेखासमोर बसलेला असावा आणि दाब हलताना दिसला तर हँडल तिथेच थांबवण्यास सांगावे. काढलेला घटक फेकू नये. तो कापून, पटल उलगडून, त्यावरील तपकिरी चिकट थराचा आणि ठिणग्यांनी पडलेल्या काळ्या ठिपक्यांचा फोटो तेलाच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेला पाठवावा.